दक्षिण कोरियाची सुरक्षा नेमकी कोठे ठरते : सोलमध्ये की वॉशिंग्टनमध्ये?

हानकाठ (प्रश्न)

नोकरीनिमित्त मी गेली पाच वर्षे सोलमध्ये राहतो. ३१ मे २०२३ रोजी सकाळी पावणेसातच्या सुमारास शहरात भोंगा वाजला आणि पाठोपाठ फोनवर कर्कश आवाजात एक संदेश आला : स्थलांतराची तयारी करा, लहान मुले आणि वृद्ध यांना आधी जाऊ द्या. कशामुळे जायचे ते त्यात नव्हते आणि कोठे जायचे तेही नव्हते. आम्ही पारपत्रे, पाण्याच्या दोन बाटल्या आणि मुलीचा स्वेटर पिशवीत कोंबून जिन्यात आलो. खालच्या मजल्यावरच्या आजी दारात शांतपणे उभ्या होत्या. त्यांचे बालपण युद्धकाळात बुसानच्या निर्वासित वस्तीत गेले आहे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "अमेरिका काही म्हणाली का?" वीस-बावीस मिनिटांनी दुसरा संदेश आला, की पहिला चुकून पाठवला गेला होता. उत्तर कोरियाने हेरगिरीचा उपग्रह सोडण्यासाठी अग्निबाण उडवला होता आणि तो समुद्रात कोसळला होता.

आजींचा तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. स्वतःचे राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले हे त्यांनी विचारले नाही. येथे अमेरिकेचे सुमारे २८,५०० सैनिक आहेत, १९५३ चा संरक्षण करार आहे, आणि तरीही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनमत पाहणीत ७१ टक्के लोकांनी आपल्या देशाकडे स्वतःची अण्वस्त्रे असावीत असे मत दिले. एवढे भक्कम छत्र डोक्यावर असताना लोकांना स्वतःची छत्री का हवीशी वाटते? महासत्तेच्या परराष्ट्र धोरणामुळे हा देश अधिक सुरक्षित झाला, की त्या धोरणातल्या प्रत्येक वळणाबरोबर त्याची सुरक्षाही हेलकावे खात राहिली? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मृणाल_त

आपल्या शेजारच्या आजींनी जो प्रश्न विचारला, तो कोरियाच्या गेल्या ऐंशी वर्षांच्या इतिहासातूनच आलेला आहे, असे मला वाटते.

या देशाची सीमाच मुळी दुसऱ्यांनी आखली. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरणागतीच्या बेतात असताना सोव्हिएत फौजा किती खाली येऊ द्यायच्या, हे ठरवण्याचे काम वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांकडे आले. त्यांनी एका मासिकाचा नकाशा समोर ठेवून ३८ वे अक्षवृत्त निवडले, कारण त्यामुळे राजधानी सोल अमेरिकेच्या बाजूला राहत होती. कोणाही कोरियन माणसाला विचारले गेले नाही. जून १९४९ पर्यंत सुमारे पाचशे सल्लागार मागे ठेवून अमेरिकी फौजा परत गेल्या, आणि १२ जानेवारी १९५० रोजी परराष्ट्रमंत्री डीन अचेसन यांनी पॅसिफिकमधल्या अमेरिकी संरक्षणरेषेचे वर्णन केले, तेव्हा अल्युशियन बेटे, जपान, र्‍यूक्यू बेटे आणि फिलिपीन्स तिच्या आत आले आणि कोरिया बाहेर राहिला. २५ जूनला उत्तरेने आक्रमण केले. त्या भाषणाला आक्रमणाचे कारण मानणे मला पटत नाही, कारण स्टालिनच्या संमतीमागे चीनमधील क्रांतीचा विजय आणि सोव्हिएत अणुचाचणी हीसुद्धा कारणे होती. परंतु कोरियन लोकांच्या मनात ते भाषण कायमचे कोरले गेले, आणि पुढच्या घडामोडी समजून घ्यायच्या तर तेवढे पुरेसे आहे.

आता करार पाहा. 'एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला' अशी नाटो करारासारखी भाषा त्यात नाही. तिसऱ्या कलमाचा आशय असा आहे, की समान धोक्याला तोंड देण्यासाठी प्रत्येक देश आपापल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार पावले उचलेल. म्हणजे सोलवर तोफा डागल्या गेल्या तरी काय करायचे, हे वॉशिंग्टनमध्ये त्या वेळी जे सत्तेवर असतील ते ठरवणार. म्हणूनच दक्षिण कोरियाचे सारे मुत्सद्दी कसब कागदापेक्षा जमिनीवरच्या सैनिकांवर केंद्रित झाले. उत्तर-दक्षिण सीमेवरचा निर्लष्करी पट्टा आणि सोल यांच्यामध्ये अमेरिकी तुकड्या उभ्या असतील, तर पहिल्या तासातच अमेरिकेचे रक्त सांडेल आणि मग तिला मागे हटता येणार नाही, असा तो हिशेब होता. तो क्रूर होता हे खरे, पण ज्याची राजधानी शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात आहे, त्या देशापुढे दुसरा मार्गही फारसा नव्हता.

मात्र सैनिक असूनही अमेरिकेचे मन कोठे असते, हा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी जानेवारी १९६८ चा तो आठवडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २१ जानेवारीच्या रात्री उत्तर कोरियाचे ३१ कमांडो दक्षिणेच्या सैनिकांच्या वेषात डोंगर उतरून राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापासून काहीशे मीटरवर येऊन पोहोचले. पार्क चुंग-ही यांना ठार मारणे हा त्यांचा हेतू होता. दोनच दिवसांनी, २३ जानेवारीला, उत्तरेने अमेरिकेचे 'प्वेब्लो' हे टेहळणी जहाज ८३ खलाशांसह पकडले. पार्क यांना उत्तरेला जबर प्रत्युत्तर हवे होते. वॉशिंग्टनला आपली माणसे जिवंत परत हवी होती. व्हिएतनाममध्ये आधीच पाय रुतलेले असताना दुसरे युद्ध तर मुळीच नको होते. अमेरिकेने सीमेवरच्या पानमुनजोम येथे दक्षिण कोरियाला बाजूला ठेवून उत्तरेशी थेट बोलणी सुरू केली. त्या वेळी दक्षिण कोरियाचे सुमारे ५० हजार सैनिक अमेरिकेच्या विनंतीवरून व्हिएतनाममध्ये लढत होते. आमच्या राष्ट्राध्यक्षांच्या दारापर्यंत मारेकरी आले त्याचे काही नाही आणि जहाजासाठी मात्र गुप्त बोलणी, हा संताप इतका विकोपाला गेला की फेब्रुवारीत अमेरिकेचे विशेष दूत सायरस व्हान्स यांना समजूत काढण्यासाठी सोलला यावे लागले आणि दहा कोटी डॉलरची जादा लष्करी मदत देऊ करावी लागली.

त्यानंतरच्या वर्षी, जुलै १९६९ मध्ये, निक्सन यांनी ग्वाम बेटावर जाहीर केले की आशियातील मित्रांनी आपल्या संरक्षणाचा मुख्य भार स्वतः उचलावा. हे धोरण व्हिएतनाममधून अंग काढून घेण्यासाठी होते, पण त्याचा पहिला मोठा फटका कोरियाला बसला : १९७१ मध्ये सातवी इन्फंट्री डिव्हिजन, म्हणजे सुमारे २० हजार सैनिक, परत गेले. पार्क यांनी त्यातून जो धडा घेतला त्याची एक शाखा म्हणजे पोलाद, जहाजबांधणी आणि रसायने यांचे अवजड उद्योग, आणि दुसरी शाखा म्हणजे गुप्त अण्वस्त्र कार्यक्रम. वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा पुनर्प्रक्रिया प्रकल्प फ्रान्सकडून घेण्याचे ठरले होते. अमेरिकेने प्रचंड दबाव आणून १९७६ च्या आरंभी तो बेत रद्द करायला लावला. ज्याने छत्री आखडती घेतली त्यानेच दुसरी छत्री विकत घेण्यास मनाई केली. आपल्या प्रश्नातल्या ७१ टक्क्यांचे मूळ मला येथे दिसते.

पंचगंगातीर

मृणालताईंचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यातून लहान मित्र म्हणजे नुसता सोसणारा, असे चित्र उभे राहते. १९५३ चा उन्हाळा त्याला छेद देतो, आणि त्या गोष्टीशी आम्हा कोल्हापूरकरांचा थेट संबंध असल्यामुळे ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

कोरियन युद्धाच्या शस्त्रसंधीची बोलणी युद्धकैद्यांच्या प्रश्नावर अडली होती. मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचे काय करायचे, यावर तोडगा निघत असतानाच १८ जून १९५३ रोजी दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी छावण्यांची दारे उघडून सुमारे २७ हजार कम्युनिस्टविरोधी उत्तर कोरियन कैद्यांना परस्पर सोडून दिले. देश दुभंगलेला ठेवणारी संधी त्यांना नको होती, आणि संधी करायचीच असेल तर संरक्षणाची लेखी हमी हवी होती. आयझेनहॉवर यांचे सरकार हादरले. री यांना पदच्युत करण्याच्या योजनाही वॉशिंग्टनमध्ये तयार होत्या. अखेर २७ जुलैच्या शस्त्रसंधीवर दक्षिण कोरियाने सही केलीच नाही, आणि तरीही १ ऑक्टोबर १९५३ रोजी संरक्षण करार पदरात पाडून घेतला. अमेरिकेला तो करार मनापासून नको होता. री यांच्या हट्टाची ती किंमत होती.

उरलेल्या सुमारे २३ हजार कैद्यांचा ताबा भारताकडे आला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि प्रत्यक्ष ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. नेहरूंचा भारत तटस्थ, म्हणून री यांच्या लेखी तो संशयास्पद होता. भारतीय सैनिकांना माझ्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही, असे त्यांनी बजावले. त्यामुळे इंचॉनच्या किनाऱ्याबाहेर जहाजांवर आलेल्या आपल्या जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांतून उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. ज्या महासत्तेच्या जिवावर री यांचे राज्य तगून होते, तिच्याच विनंतीला त्यांनी भीक घातली नाही आणि तिच्याचकडून हेलिकॉप्टरांची कसरत करून घेतली. कैद्यांच्या चिडलेल्या जमावांसमोर थोरातांच्या जवानांनी जो संयम दाखवला त्याचे कौतुक तेव्हा जगभर झाले. आमच्या आजोबांच्या पिढीत ही हकिकत घरोघरी ठाऊक होती. आता ती सांगणारे उरले नाहीत, याचे वाईट वाटते.

सांगायचे एवढेच, की री यांचे हत्यार त्यांची दुर्बलता हेच होते. मी कोसळलो तर तुमचीच अब्रू जाईल, हे ते न बोलता सांगत होते, आणि शीतयुद्धात तो धाक चालत असे.

सागर_नि

वरील दोन्ही प्रतिसाद 'वाऱ्यावर सोडले जाण्याच्या' भीतीबद्दल आहेत. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत तिच्याइतकीच मोठी झालेली भीती दुसरी आहे : दुसऱ्याच्या भांडणात ओढले जाण्याची. मी रांजणगावच्या एका कोरियन कंपनीत काम करतो. आमचे कोरियन सहकारी उत्तर कोरियाबद्दल क्वचितच बोलतात, चीनबद्दल मात्र नेहमी बोलतात.

सोंगजूचे उदाहरण घ्या. हा दक्षिणेकडचा शेतीप्रधान तालुका. पिवळ्याधमक, पांढऱ्या पट्ट्यांच्या खरबुजांसाठी तो प्रसिद्ध आहे आणि रस्त्यालगत मैलोन् मैल प्लास्टिकच्या बोगद्यांत हीच वेल पसरलेली दिसते. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेची 'थाड' ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येथे बसवण्याचे जाहीर झाले. गावकऱ्यांना कोणी विचारले नव्हते. समजूत घालायला आलेल्या पंतप्रधानांवर त्यांनी अंडी आणि पाण्याच्या बाटल्या फेकल्या. नंतर जागा बदलून डोंगरातले लोट्टे उद्योगसमूहाचे गोल्फचे मैदान निवडले गेले. ही यंत्रणा सोलचे संरक्षण करू शकत नाही, कारण सोल तिच्या टप्प्याबाहेर आहे. दक्षिणेकडचे अमेरिकी तळ आणि बंदरे मात्र टप्प्यात येतात. चीनचा आक्षेप तिच्या रडारवर होता. त्याच्या नजरेत चीनच्या आतल्या हालचाली येतील, असे बीजिंगचे म्हणणे होते.

चीनने सूड उगवला तो अमेरिकेवर नव्हे. लोट्टेची चीनमधली बहुतेक मोठी दुकाने अग्निसुरक्षेचे कारण दाखवून बंद पाडली गेली आणि अखेर त्या कंपनीला तेथील सुपरमार्केटचा व्यवसाय गुंडाळावा लागला. चिनी पर्यटकांच्या गटसहलींवर मार्च २०१७ पासून बंदी आली आणि २०१६ मध्ये ८० लाखांच्या घरात असलेली त्यांची संख्या वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली. हॉटेले, सौंदर्यप्रसाधनांची दुकाने, बसवाले, साऱ्यांनाच झळ बसली. याच काळात, एप्रिल २०१७ च्या अखेरीस, ट्रम्प यांनी म्हटले की या यंत्रणेचे शंभर कोटी डॉलर दक्षिण कोरियाने भरावेत. जमीन यांची, नुकसान यांचे आणि वर बिलही यांच्याच नावे, ही भावना तेथल्या सामान्य माणसात निर्माण झाली असेल तर मला त्यात नवल वाटत नाही.

तैवानवरून चीन आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले तर काय, हा प्रश्न याहून गंभीर आहे. सोलच्या दक्षिणेला प्योंगटेक येथे अमेरिकेचा परदेशातला सर्वांत मोठा तळ आहे, त्याच्या उभारणीचा बहुतेक खर्च कोरियाने उचलला आहे, आणि समुद्रापलीकडे समोर चीन आहे. तेथले सैनिक उत्तर कोरियासाठीच आहेत की गरज पडेल तेथे वापरण्यासाठी? जानेवारी २००६ मध्ये दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी, म्हणजे बान की-मून आणि कोंडोलिझा राइस यांनी, जे संयुक्त निवेदन काढले त्यात कोरियाने अमेरिकेच्या 'सामरिक लवचीकते'ची, म्हणजे हे सैनिक अन्यत्रही वापरण्याच्या मोकळिकीची, गरज मान्य केली आणि अमेरिकेने एवढे मान्य केले की कोरियन जनतेच्या इच्छेविरुद्ध त्या देशाला ईशान्य आशियातल्या संघर्षात ओढले जाणार नाही. पण तळावरून विमाने उडाली, तर क्षेपणास्त्र डागणारा ते निवेदन वाचत बसणार नाही.

हानकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सागरजी, आपण म्हणता तसे माझ्या कार्यालयातही घडते. परंतु तेथील वयस्कर सहकारी याच युक्तिवादाचा उलटा निष्कर्ष काढतात : चीन एवढी दांडगाई करतो, म्हणूनच अमेरिका हवी. मृणालताई, अमेरिकेने एकतर्फी निर्णय घेऊ नये यासाठी आज काही प्रत्यक्ष बंधन आहे का, की सारे तेथील राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर आहे?

मृणाल_त

पंचगंगातीर, आपली दुरुस्ती मला मान्य आहे. लहान मित्र दबाव आणू शकतो, हे री यांनी दाखवले. पण तो दबाव चालण्यासाठी महासत्तेला त्या भूमीची गरज वाटावी लागते, आणि ती गरज किती, हेही महासत्ताच ठरवते.

हानकाठ, बंधने आहेत, पण ती बहुतांशी अमेरिकेच्या अंतर्गत व्यवस्थेत आहेत. १९७७ मध्ये कार्टर यांनी आपल्या प्रचारातील आश्वासनानुसार पायदळ मागे घेण्याचे जाहीर केले, तेव्हा कोरियातील मेजर जनरल सिंगलॉब यांनी उघड विरोध केला आणि त्यांना तेथून हलवण्यात आले. तरीही सेनाधिकारी, काँग्रेस (अमेरिकेची संसद) आणि उत्तरेच्या फौजेचा आकडा आधीच्या अंदाजापेक्षा बराच मोठा आहे असे सांगणारी नवी माहिती, या तिघांपुढे कार्टर यांना १९७९ मध्ये माघार घ्यावी लागली. अलीकडे काँग्रेसने संरक्षण खर्चाच्या कायद्यांत वेळोवेळी असे कलम घातले आहे की ठरावीक संख्येखाली कोरियातील सैन्य आणायचे असेल तर आधी काही अटी पूर्ण करून तसे प्रमाणित करावे लागेल. यावरून लक्षात येईल की दक्षिण कोरियाच्या सुरक्षेचा एक महत्त्वाचा दोर वॉशिंग्टनमधल्या अर्थसंकल्पी चर्चेत वळला जातो, आणि त्या चर्चेत सोलला मत नाही.

१२ जून २०१८ ची सिंगापूरची पत्रकार परिषद आठवा. किम जोंग-उन यांना भेटून आल्यावर ट्रम्प यांनी दक्षिण कोरियाबरोबरचे संयुक्त लष्करी सराव थांबवत असल्याचे जाहीर केले आणि ते खर्चिक व चिथावणीखोर असल्याचेही म्हटले. या विधानाचा नेमका अर्थ समजून घेण्याची गरज आहे, असे सोलच्या संरक्षण मंत्रालयाला सांगावे लागले. आपल्याच भूमीवरचे, आपल्याच सैन्याचे सराव बंद होत असल्याचे एका सरकारला दूरचित्रवाणीवरून कळावे, हे मला आजही अस्वस्थ करते. वाटाघाटींना माझा विरोध नाही. उलट २००१ मध्ये दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग उत्तरेशी सलोख्याचे धोरण घेऊन वॉशिंग्टनला गेले तेव्हा बुश यांनी त्यांना थंड प्रतिसाद दिला आणि पुढच्या जानेवारीत उत्तर कोरियाला 'दुष्टांच्या अक्षा'त बसवले, हीदेखील तितकीच मोठी हानी होती. एकदा सोलला बोलायचे होते तेव्हा वॉशिंग्टन ताठ झाले, आणि दुसऱ्यांदा वॉशिंग्टनने सोलला न विचारता सवलत देऊन टाकली. दिशा उलट, पण निर्णयाची जागा तीच. युद्धकाळातील सैन्यसंचालनाचा अधिकार अमेरिकी सेनापतीच्या हाताखालील संयुक्त कमानीकडून परत घेण्याची तारीख आधी २०१२ होती, मग २०१५ झाली, आणि २०१४ मध्ये तारीख काढून त्या जागी अटी घालण्यात आल्या, आणि त्यातले पुढे ढकलणे खुद्द सोलच्या सरकारांनी मागून घेतले होते, हेही येथे नोंदवायला हवे. स्वतःच्या सैन्याचा लगाम हातात घ्यावा तर अमेरिका निघून जाईल की काय, हा धाक त्यामागे होता.

एप्रिल २०२३ मध्ये दक्षिणेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष युन यांनी वॉशिंग्टनमध्ये जो जाहीरनामा मिळवला, त्यात अण्वस्त्रांच्या नियोजनावर विचारविनिमय करणारा गट स्थापन झाला, आणि त्या बदल्यात कोरियाने अण्वस्त्रप्रसारबंदीच्या बांधिलकीचा पुनरुच्चार केला. जुलैमध्ये 'केंटकी' ही अण्वस्त्रवाहू पाणबुडी बुसानला आली, ती १९८१ नंतरची अशी पहिलीच भेट. लोकांना तिची काळी पाठ चित्रांतून दिसली, आणि तेवढ्याने काही महिने धीर आला. परंतु त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये सत्ता पालटली, आयात शुल्काची तलवार मित्रावरही उगारली गेली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावरून तीनशेहून अधिक कोरियन कामगारांना बेड्या घालून नेल्याची दृश्ये कोरियातील घराघरांत पाहिली गेली. तो कारखाना अमेरिकेच्याच आग्रहाला प्रतिसाद म्हणून उभारला जात होता. मनातला विश्वास ढळतो तो अशा दृश्यांनी, कराराची कलमे जशीच्या तशी असतानाही.

हानकाठ

आपण सर्वांनी लिहिलेले पुन्हा एकदा वाचून गेल्या रविवारी मुलीला घेऊन योंगसानला गेलो. १८८२ मध्ये चीनच्या छिंग राजवटीची फौज, मग जपानी फौज आणि १९४५ पासून अमेरिकी फौज, अशी राजधानीच्या मध्यातली ही जमीन एकामागून एक परक्या सैन्यांच्या ताब्यात राहिली. २०१८ मध्ये अमेरिकी सैन्याचे मुख्यालय प्योंगटेकला हलल्यानंतर तिचा काही भाग बागेसाठी खुला झाला आहे. मुले तेथे चेंडू खेळत होती आणि मागे जुन्या बराकींची लाल कौले दिसत होती. रस्त्यापलीकडच्या युद्धस्मारकात हुतात्म्यांच्या नावांच्या लांबच लांब काळ्या भिंती आहेत, त्यात अमेरिकी नावांच्या पाट्याच संपता संपत नाहीत.

परतल्यावर खालच्या आजींना थोरातांची आणि हेलिकॉप्टरांची हकिकत सांगितली. त्यांना ती ठाऊक नव्हती. री यांनी भारतीयांना उतरू दिले नाही हे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तेव्हा आमच्याकडे नाही म्हणायची ताकद होती, पण खायला भात नव्हता. आता भात आहे." वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि मीही विचारले नाही.

पंचगंगातीर, थोरातांच्या दलातील जवानांविषयी कोल्हापूर-सातारा भागातल्या कोणा कुटुंबाकडे पत्रे किंवा छायाचित्रे जपलेली असतील, तर येथे अवश्य कळवावे. मला ती आजींना दाखवायची आहेत.